'असॉइल' या जुन्या इंग्रजी क्रियापदाला मराठीत काय म्हणाल? बाबांच्या पुस्तकातली एक ओळ अडली आहे

पारमी_नागपूर

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न एकाच शब्दाचा आहे पण मागचं थोडं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही म्हणून जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझे बाबा मागच्या वर्षी गेले. पुढच्या महिन्यात पहिला स्मृतिदिन आहे, घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय, नातेवाईक आणि बाबांचे जुने मित्र येतील. येणाऱ्यांना द्यायला एक छोटं कार्ड छापायचं ठरलंय आणि त्यावर बाबांच्या आवडीच्या चार ओळी टाकायच्या आहेत. बाबांकडे एडविन अर्नोल्डच्या 'द लाइट ऑफ एशिया'ची जुनी प्रत होती, बुद्धाच्या जीवनावरचं ते इंग्रजी काव्य, १८७९ चं. इंग्रजी ते नोकरी करता करता स्वतःच शिकले, रात्री जेवण झालं की मांडीवर डिक्शनरी आणि हातात पेन्सिल, आम्ही बहिणी झोपलो तरी त्यांचं चालूच असायचं. अख्खं पुस्तक रेघांनी भरलंय.

शेवटच्या म्हणजे आठव्या सर्गात बुद्ध कपिलवस्तूला परत येतात आणि राजा शुद्धोदनासमोर उपदेश करतात तो भाग आहे. त्यात अष्टांगिक मार्गातलं चौथं अंग येतं, सम्यक कर्मांत. तिथे ओळ आहे, 'लेट ईच ॲक्ट असॉइल अ फॉल्ट ऑर हेल्प अ मेरिट ग्रो'. पुढे म्हटलंय की स्फटिकाच्या मण्यांमधून जशी चांदीची तार दिसते तसं सत्कर्मांमधून प्रेम दिसू दे. बाबांनी या चारही ओळींना उभी रेघ मारलीय, आणि 'असॉइल'खाली वेगळी रेघ मारून बाजूला प्रश्नचिन्ह काढलंय. बाकी अवघड शब्दांपुढे त्यांनी बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहून ठेवलेत, हा एकच रिकामा राहिलाय.

मी शोधलं तर गोंधळ वाढलाच. एके ठिकाणी माफ करणे, एके ठिकाणी दोषमुक्त करणे, एके ठिकाणी चक्क कोडं सोडवणे, आणि एका जुन्या कोशात तर मळवणे, डाग पाडणे! एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे, हा आला कुठून, आणि त्या ओळीत मराठीत नेमकं काय बसेल? स्पेलिंग ए डबल एस ओ आय एल. कार्ड छापायला द्यायला अजून दहाएक दिवस आहेत.

जुना_वाचक

पारमीताई, बाबांची ती प्रत नीट जपा. आता शब्दाकडे वळतो.

आधी ते 'मळवणे' बाजूला काढू. तो वेगळाच शब्द आहे, माती किंवा मळ अर्थाचा जो 'सॉइल' त्याच्या आधी 'अ' लागून झालेला. १९१३ च्या वेबस्टरमध्ये दोन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत, स्पेलिंग तेच आणि अर्थ जवळजवळ उलटा. तुमच्या ओळीशी त्याचा काही संबंध नाही.

तुमचा 'असॉइल' जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकात इंग्रजीत आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनच्या 'अब्सॉल्वेरे'वरून आला. 'अब' म्हणजे पासून, 'सॉल्वेरे' म्हणजे सैल करणे, गाठ सोडणे. बांधलेल्याला मोकळं करणं हा मूळ अर्थ, त्यातून पुढचं सगळं फुटलं. पापातून मोकळं करणे, धर्मबहिष्कारातून मोकळं करणे, आरोपातून मोकळं करणे, शंका किंवा कोड्याची गाठ सोडवणे, आणि नंतर स्वतःच्या दोषाचं परिमार्जन करणे. सोळाव्या शतकातले बिशप ज्युएल लिहितात की हे कोडं कुठलंही लहान मूल 'असॉइल' करेल, तिथे पापबिप काही नाही, नुसतं कोडं सोडवणं आहे. म्हणजे तुम्हाला सापडलेले तिन्ही अर्थ खरे, एकाच झाडाच्या फांद्या. आपल्या ओळखीचे 'ॲब्सॉल्व्ह', 'सॉल्व्ह', 'डिझॉल्व्ह', 'रिझॉल्व्ह' हे सगळे याचेच भाऊबंद. भाषाशास्त्रज्ञ अजून मागे जाऊन ग्रीकमधला 'अ‍ॅनालिसिस'मधला 'लिसिस', इंग्रजीतला 'लूज' आणि संस्कृतमधला लू धातू, लुनाति म्हणजे कापतो, एका मुळाशी नेतात. आपण 'लवलेश' म्हणतो त्यातला लव या लू धातूचाच, कापलेला बारीक तुकडा.

मध्ययुगात हा रोजच्या वापरातला शब्द होता. जुना इंग्रज कवी चॉसर, त्याच्या काव्यातल्या कॅन्टरबरीच्या यात्रेकरूंमध्ये एक माफीपत्रं विकणारा आहे, काचेच्या भांड्यात डुकराची हाडं ठेवून ती संतांची म्हणून दाखवणारा, तो लोकांना सांगतो की दक्षिणा द्या, माझ्या अधिकाराने मी तुम्हाला 'असॉइल' करतो, जन्मला होतात तेवढे स्वच्छ व्हाल. आणि त्याच काळातला दुसरा, फार कोवळा वापर म्हणजे गेलेल्या माणसासाठी. पंधराव्या शतकात नॉरफकमधल्या पॅस्टन कुटुंबाची पत्रं उपलब्ध आहेत, त्यात वारलेल्या वडिलांचा उल्लेख आला की लगेच 'हूम गॉड असॉइल' असं जोडलेलं असतं, देव त्यांना मोकळं करो. आपण नावाआधी कै. लावतो त्या जागी ते हे लावायचे. तुम्ही वडिलांच्या स्मृतिदिनासाठी हा शब्द विचारताय म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.

मग मागे का पडला? एक म्हणजे पंधराव्या शतकात 'ॲब्सॉल्व्ह' थेट लॅटिनमधून आला आणि त्याने जागा घेतली. दुसरं, धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये पाद्र्याकडून पापमुक्ती, मेलेल्यांसाठी प्रार्थना या गोष्टींचं महत्त्व उतरलं, त्याबरोबर त्यांची बोलीही गेली. एकोणिसाव्या शतकातल्या कवींनी जुनेपणाचा वास हवा म्हणून तो परत काढला, अर्नोल्ड त्यातलाच.

माझं मत, मराठीत 'सोडवणे' घ्या. कैदीही सोडवतो आणि गणितही सोडवतो, दोन्ही अर्थ एका क्रियापदात, इंग्रजीत जे हरवलं ते आपल्याकडे अजून जिवंत आहे.

गोट्या७४

एवढं कशाला, सरळ 'क्षमा करणे' घ्या ना. कार्डावर वाचणाऱ्याला लगेच कळलं पाहिजे. 'प्रत्येक कृतीने एका दोषाला क्षमा मिळो.' सोपं आणि सुंदर.

सरणं_वर्धा

गोट्याभाऊ, वाचायला छान आहे पण ते तिथे बसत नाही आणि का बसत नाही ते महत्त्वाचं आहे. क्षमा करायला कोणीतरी लागतं. ओळीत तो कोणी नाहीच. कर्ता आहे 'ईच ॲक्ट', म्हणजे कृती. कृती क्षमा कशी करेल? आणि बुद्धाच्या तोंडी तर हे अजिबात शोभत नाही कारण धम्मात पाप माफ करणारा वर कोणी बसलेलाच नाही. त्याच आठव्या सर्गात थोडं आधी अर्नोल्डनेच बुद्धाच्या तोंडी घातलंय की प्रार्थना करू नका, अंधार त्याने उजळणार नाही, आणि मौनाकडे काही मागू नका, ते बोलू शकत नाही. असं सांगून झाल्यावर पुढे क्षमा आणली तर सगळ्या उपदेशावर पाणी पडलं.

शिवाय क्षमा हा शब्दच वेगळ्या घरातला आहे. क्षम् म्हणजे सहन करणे, पृथ्वीला क्षमा म्हणतात ते ती सगळं सोसते म्हणून. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने सोसून घेणं म्हणजे क्षमा. 'माफ' अरबीतून आलेला, त्याच्या मुळाशी पुसून टाकणे आहे, म्हणून सारा माफ होतो, फी माफ होते. दोन्हीकडे माफ करणारा धनी कोणीतरी आहेच.

पालीत काय म्हटलंय बघा, धम्मपदातली १७३ वी गाथा, लोकवग्गात. 'यस्स पापं कतं कम्मं कुसलेन पिधीयति, सो इमं लोकं पभासेति अब्भा मुत्तोव चन्दिमा.' ज्याचं केलेलं पापकर्म कुशल कर्माने झाकलं जातं तो ढगातून सुटलेल्या चंद्रासारखा या जगाला उजळतो. अंगुलिमालाच्या संदर्भात ही गाथा सांगतात, इतक्या माणसांचे जीव घेतलेला माणूस, त्याला कोणी माफीपत्र दिलं नाही, त्याने पुढे जे केलं त्यानेच त्याचं मागचं झाकलं गेलं. पारमीताई, मला वाटतं तुमच्या ओळीच्या सगळ्यात जवळ हीच गाथा आहे. 'झाकणे' घेता येईल का बघा, फक्त मराठीत पाप झाकणे म्हणजे लपवणे होतं ही अडचण आहेच.

पारमी_नागपूर

सरणंदादा, ही गाथा आमच्याकडे वंदनेनंतर कितीदा म्हटली जाते आणि हा संबंध माझ्या कधी डोक्यातच आला नाही. आणि हो, 'झाकणे' मराठीत नाही चालणार, आई लगेच म्हणाली की बाबांनी कधी काही झाकलं नाही.

जुना_वाचक सर, 'हूम गॉड असॉइल' वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. फार आभार. पण 'दोष सोडवणे' मला कानाला जरा विचित्र लागतंय. गणित सोडवतो, कैदी सोडवतो, पण दोष सोडवतो असं आपण म्हणत नाही ना?

वसईची_लेक

मी वसईची, कॅथलिक, त्यामुळे हा शब्द नाही तरी ही गोष्ट आमच्या घरातली. कन्फेशनला गेलं की शेवटी फादर जे म्हणतात ते लॅटिनमध्ये 'एगो ते अब्सॉल्वो', मी तुला मोकळं करतो. त्यामागे मत्तयच्या सोळाव्या अध्यायातलं ते वचन आहे, पेत्राला येशू सांगतो की पृथ्वीवर तू जे बांधशील ते स्वर्गात बांधलं जाईल आणि पृथ्वीवर जे मोकळं करशील ते स्वर्गात मोकळं केलं जाईल. बांधणं आणि सोडणं, तीच गाठीची भाषा. आणि आपल्या मराठी बायबलात प्रभूच्या प्रार्थनेत क्षमा नाही बरं का, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड' असं आहे. लहानपणी पाठ करताना मला वाटायचं हे वाण्याच्या वहीबद्दल चाललंय. आता वाटतं ते बरोबरच होतं, पाप हे कुणाचं तरी देणं असतं.

याच अर्थाचा अजून एक जुना इंग्रजी शब्द सांगते, 'श्राइव्ह'. पाद्र्याने कबुली ऐकून प्रायश्चित्त देणे आणि पापमुक्त करणे. हा आला लॅटिनच्या 'स्क्रिबेरे' म्हणजे लिहिणे यावरून, जर्मनमधलं 'श्रायबेन' पण त्यातूनच. का तर पाद्री प्रायश्चित्त नेमून द्यायचा, जसा डॉक्टर औषध लिहून देतो. याचं नाम 'श्रिफ्ट'. शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डच्या नाटकात हेस्टिंग्जला मारायला नेताना सांगतात की तुझी कबुली आटप लवकर, साहेबांना तुझं डोकं बघायची घाई झालीय, तिथून 'शॉर्ट श्रिफ्ट' हा वाक्प्रचार आला, म्हणजे एखाद्याचं नीट ऐकूनच न घेणे. इंग्रजी पेपरात आजही दिसतो.

आणि 'श्रोव्ह ट्यूजडे', म्हणजे राखेच्या बुधवारच्या आधीचा मंगळवार, उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी कन्फेशन करून मोकळं व्हायचा दिवस, इंग्लंडात त्या दिवशी अंडी आणि लोणी संपवायला पॅनकेक करतात. गोव्यात त्याच मंगळवारी इंत्रुज संपतो, म्हणजे कार्निव्हल. तो शब्द पोर्तुगीज 'एन्त्रुदो'वरून, उपवासकाळात प्रवेश. गोव्यात कन्फेशनला कोंकणीत कुमसार म्हणतात. माझी मावशी मडगावला दिलेली आहे, तिच्याकडे इंत्रुजच्या गडबडीत पण आजी सगळ्यांना आठवण करायची, आधी कुमसार मग नाच.

तुमच्या ओळीला 'श्राइव्ह' चाललं नसतं असं मला वाटतं कारण तिथे पाद्री लागतोच लागतो. 'असॉइल'मध्ये नुसती गाठ सुटते, सोडणारा कोणीही असो. कवीने विचार करूनच घेतला असणार.

एडिनबरावासी

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय, शीर्षक बघून राहवलं नाही. हा शब्द मेला नाहीये, मी ज्या शहरात राहतो तिथल्या कोर्टात तो आजही रोज वापरात आहे, फक्त स्पेलिंग वेगळं आहे.

स्कॉटलंडच्या दिवाणी कोर्टात दावा करणाऱ्याला पर्स्युअर म्हणतात आणि ज्याच्यावर दावा आहे त्याला डिफेंडर. डिफेंडर जिंकला तर कोर्ट त्याला 'असॉइल्झी' करतं. लिहिताना शेवटी झेड आय ई, पण उच्चार 'असॉइली', झेड मुका. कारण तो झेड मुळात झेड नाहीच, जुन्या स्कॉट्समध्ये योघ नावाचं अक्षर होतं, आकडा तीनसारखं दिसणारं, ते 'य'च्या जवळचा आवाज द्यायचं. छापखान्यात योघचा खिळा नसायचा म्हणून त्याच्यासारखा दिसणारा झेड लावला आणि तो तसाच राहिला. म्हणून इथे मेंझिस असं लिहिलेल्या आडनावाचा जुना उच्चार मिंगिस, आणि मेंझिस कॅम्पबेल हे लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते सगळ्यांना मिंग कॅम्पबेल म्हणून माहीत होते. मी इथे आलो तेव्हा ऑफिसात एका निकालाचा कागद वाचून दाखवताना मी झेड ठणकावून म्हटला होता आणि शेजारच्या वयस्कर बाईंनी हळूच मला बाजूला घेऊन ही सगळी योघची गोष्ट सांगितली, तेव्हापासून हा शब्द मला फार जवळचा आहे.

आता कामाचा मुद्दा. इथे दावा दोन प्रकारे संपू शकतो. एक 'डिसमिसल', म्हणजे दावा काढून टाकला पण वादी परत नीट तयारी करून येऊ शकतो. दुसरा 'डिक्री ऑफ ॲब्सॉल्व्हिटर', म्हणजे डिफेंडरला 'असॉइल्झी' केलं, मग तोच दावा त्याच माणसावर परत आणता येत नाही. संपलं, बाकी शून्य. वकील लोक या दोन शब्दांसाठी जीव तोडून भांडतात. त्यामुळे मराठीत असा शब्द हवा की मागे काही शिल्लक उरत नाही हे त्यातून कळेल. 'सोडवणे'त ते नाही, जामिनावरही माणूस सुटतोच की.

आजोळ

मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. ही चर्चा सकाळपासून दोनदा वाचली. एडिनबरावासी म्हणतात ते मला पटलं, बाकी शून्य हा अर्थ हवाच. आणि वसईच्या ताईंनी देण्याची गोष्ट काढली तिथेच मला शब्द सापडला. 'फेडणे'.

जरा कान लावून बघा हा शब्द काय काय करतो. कर्ज फेडतो, नवस फेडतो, उपकार फेडतो, पांग फेडतो, डोळ्यांचं पारणं फेडतो. आणि मूळ अर्थ गाठ सोडणे, नेसलेलं सोडणे, आमच्या आजीच्या तोंडी लुगडं सोडायला 'फेडणे' असंच यायचं. जुन्या मराठीत शंका फेडतात, संशय फेडतात. आता वर जुना_वाचक यांनी जे अर्थ दिले ते शेजारी ठेवा, गाठ सोडणे, शंका सोडवणे, दोषाचं परिमार्जन. लॅटिन 'सॉल्वेरे'चा अजून एक अर्थ त्यांनी सांगितला नाही, देणं चुकतं करणे, म्हणून दिवाळखोराला इंग्रजीत 'इन्सॉल्व्हंट' म्हणतात. तोही इथे आहेच. गाठ, शंका, कर्ज, पाप, चारही एका क्रियापदात! इतकं जुळणारं जोडपं दोन भाषांत क्वचित भेटतं.

आणि पुरावा द्यायचा तर ज्ञानेश्वरीचा सोळावा अध्याय उघडा, दैवी गुणांचं वर्णन चाललंय तिथे,

'फेडित पाप ताप । पोखीत तीरींचे पादप । समुद्रा जाय आप । गंगेचें जैसें'

आणि एक ओवी सोडून पुढे,

'तैसीं बांधिलीं सोडित । बुडालीं काढित । सांकडी फेडित । आर्तांचिया'

सोडित आणि फेडित दोन्ही एकाच ओवीत आलेत, बांधलेल्यांना सोडायचं आणि सांकडी म्हणजे संकटं फेडायची, माउलींनी कोणता शब्द कुठे घातला ते बघा. आणि पहिल्या ओवीतली गंगा कोणाला क्षमा करत नाहीये. ती समुद्राकडे निघालीय, आपल्या वाटेने चाललीय, जाता जाता लोकांचं पाप फिटतं, काठावरची झाडं पोसली जातात. म्हणजे एका बाजूला दोष फिटतोय आणि दुसऱ्या बाजूला काहीतरी वाढतंय. तुमची इंग्रजी ओळ परत वाचा, एक दोष 'असॉइल' व्हावा किंवा एक पुण्य वाढावं. अगदी तोच जोड आहे. मी हे लिहिताना उठून पुस्तक काढून परत खात्री केली.

ताई, तुमच्या घरची श्रद्धा वेगळी आहे याची मला जाणीव आहे, कार्डावर ओवी घाला असं माझं म्हणणं नाही. फक्त शब्दापुरतं घ्या.

जाता जाता, अर्नोल्डसाहेब स्वतः पुण्यात प्राचार्य होते, १८५७ च्या उठावाच्या सुमाराला. १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून जे सुरू झालं ते तेव्हा पूना कॉलेज झालं होतं, डेक्कन कॉलेज हे नाव १८६४ चं. हितोपदेशाचं इंग्रजी भाषांतर त्यांनी १८६१ मध्ये छापलं ते याच संस्कृतच्या नादातून. त्यामुळे अशा ओळीला मराठी शब्द शोधणं मला तरी परक्याचं काम वाटत नाही.

सरणं_वर्धा

आजोळ सर, मानलं. पण एक शंका आहे, फेडाच आता. 'फेडणे' म्हटलं की आमच्याकडे पहिल्यांदा आठवतं ते 'इथलं इथंच फेडावं लागतं'. हे धमकीसारखं आहे, म्हणजे केलंस ना, आता भोग. अर्नोल्डच्या ओळीत भोगणं नाही, तिथे चांगलं करत राहण्याबद्दल बोललंय. 'प्रत्येक कृतीने दोष फेडावा' असं कार्डावर छापलं तर कोणाला वाटेल की या माणसाने काय दोष केले होते जे फेडायचे राहिलेत. स्मृतिदिनाला ते बरं दिसणार नाही.

पारमी_नागपूर

हेच माझ्याही मनात आलं होतं पण कसं म्हणावं कळत नव्हतं.

आजोळ सर, ओवीबद्दल तुम्ही अवघडू नका. बाबांच्या कपाटात धम्मपद, बाबासाहेबांचे खंड आणि ज्ञानेश्वरी एकाच फळीवर होतं, शब्दासाठी ते सगळीकडे जायचे. ती ओवी तुमच्यामुळे मी आईला वाचून दाखवली, तिला 'पोखीत तीरींचे पादप' समजावून सांगावं लागलं, मग म्हणाली की तुझे बाबा रोज सकाळी नळाला पाणी आलं की आधी रस्त्यावरच्या कडुनिंबाला बादली घालायचे. मला ते माहीतच नव्हतं, मी तेव्हा झोपलेली असायचे.

आजोळ

सरणंदादांची शंका अगदी योग्य आहे आणि तिचं उत्तरही त्याच शब्दात आहे. 'फेडणे' ऐवजी 'फिटणे' करा. कर्ज फेडतो तो माणूस, फिटतं ते आपोआप. 'फेडावं लागतं' यात सक्ती आहे, 'फिटलं' यात सुटल्याचा श्वास आहे. ऋण फिटलं, संशय फिटला, पारणं फिटलं, एकाही ठिकाणी धमकी ऐकू येत नाही. कोण फेडतंय, कोणाला देतंय, हे प्रश्नच उरत नाहीत, आणि माफ करणारा कोणी नाही हा तुमचा मुद्दाही राहतो.

वसईची_लेक

फिटणे!! मला पण तोच. आमच्याकडे वारलेल्या माणसाचं सगळं देणं चुकतं झालं की मोठी माणसं म्हणतात, फिटलं हो त्याचं.

पारमी_नागपूर

काल रात्री ताई आणि मी बसून हे केलं. बघा आणि सांगा.

'प्रत्येक कृतीने एखादा दोष फिटावा, नाहीतर एखादं पुण्य वाढावं. स्फटिकाच्या मण्यांतून चांदीची तार दिसावी, तशी सत्कर्मांतून मैत्री दिसत राहावी.'

'लव्ह'ला प्रेम न म्हणता मैत्री केलंय, पालीतल्या 'मेत्ता' या अर्थाने, येणारे सगळे त्या शब्दाशी ओळखीचे आहेत. आणि बाबांच्या पुस्तकात त्या प्रश्नचिन्हाशेजारी मी त्यांच्याच पेन्सिलने 'फिटणे' लिहिलंय. ताई म्हणाली त्यांच्या पुस्तकात आपण कशाला लिहायचं, पण आई म्हणाली लिही.

जुना_वाचक

मी 'सोडवणे' मागे घेतो. हे फार चांगलं झालंय.

एकच बारीक सूचना, 'नाहीतर' बोलताना ठीक आहे पण छापताना त्यात थोडा इशारा वाटतो, 'किंवा' करा. आणि 'मण्यांतून'वर अनुस्वार प्रेसवाल्याकडून हमखास उडतो, प्रूफ स्वतः बघा.

पारमी_नागपूर

'किंवा' केलं. प्रूफ गुरुवारी येतंय, आल्यावर इथे टाकते.